रुतलेले जहाज कोणाचे?



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी किमान वेतनावर किंवा फार तर नव्या श्रमसंहितांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हटले, यंदा जहाजांवर बोलतो, आणि तेही चालणाऱ्या नव्हे, रुतलेल्या जहाजांवर. ते क्षणभर गप्प राहिले. मग भिडस्तपणे म्हणाले, "आपल्या गावाला नदी आहे, पण तिला पाणी चार महिने असते." त्यांचे म्हणणे रास्त होते. तरीही मी हा हट्ट का धरला ते पुढे आपोआप कळेल. या गावातली आणि आसपासच्या तालुक्यांतली निदान काही पोरे आज या घटकेला कुठल्या तरी समुद्रावर आहेत आणि त्यांच्या घरची माणसे या मंडपात बसलेली असण्याचा संभव आहे, एवढे तूर्त सांगून ठेवतो.

एक खुलासा आधीच केलेला बरा. मी वकील नव्हे. माझे शालेय शिक्षण लवकर संपले. सागरी कायदा म्हणून जे काही मला ठाऊक आहे ते पगार बुडालेल्या माणसांच्या दाव्यांचे कागद वाचता वाचता आणि अडले की वकिलांच्या मागे लागून विचारता विचारता कळलेले आहे. तेव्हा परिभाषेत कुठे घसरलो तर सभेतील कायदेपंडितांनी सांभाळून घ्यावे.

आपल्यापैकी पुष्कळांना २०११ सालचा पावसाळा आठवत असेल. जून महिन्यात 'विस्डम' नावाचे एक जहाज मुंबईला जुहूच्या वाळूत येऊन बसले. ते कोलंबोहून गुजरातेत अलंगला, म्हणजे भंगारात, ओढून नेले जात होते. वाटेत ओढणीचा दोर तुटला. जहाजावर माणूस नाही, इंजिन चालू नाही. वारा नेईल तिकडे ते निघाले. वांद्रे-वरळीच्या सागरी पुलावर आदळते की काय अशी भीती होती, ती टळली आणि ते जुहूला लागले. ते काढतात न काढतात तोच ३१ जुलैला 'पवित' नावाचे छोटे तेलवाहू जहाज त्याच बाजूच्या किनाऱ्याला येऊन टेकले. याची कथा तर त्याहून अजब. महिन्याभरापूर्वी ओमानच्या बाजूला त्याचे इंजिन बंद पडले, आत पाणी शिरले, आणि त्यावरच्या तेरा भारतीय खलाशांना ब्रिटिश नौदलाच्या जहाजाने वाचवून नेले. जहाज बुडेल असा सर्वांचा समज. ते बुडाले नाही. रिकामे जहाज अरबी समुद्र पार करून मुंबईच्या दारात आले आणि २६ नोव्हेंबर २००८ नंतर डोळ्यांत तेल घालून पहारा करणाऱ्या आपल्या यंत्रणांना ते वाळूला लागेपर्यंत दिसले नाही!

जुहूला तेव्हा बघ्यांची झुंबड उडाली होती. गर्दीत मीही होतो. शेजारी एक म्हातारे कोळी गृहस्थ उभे होते. त्यांनी जहाजाकडे पाहून एकच प्रश्न केला, "याचा धनी कोण?" मी म्हटले, "असेल कोणी कंपनी." ते म्हणाले, "मग इतक्यात यायला नको का तो? माझी होडी खडपावर चढली असती तर मी घरी जेवायला थांबलो असतो का?"

हा प्रश्न दिसतो तितका भोळा नाही. होडीचा धनी, नाखवा आणि तांडेल ही एका घरातली माणसे असतात. मोठ्या जहाजाचे तसे नसते. २०२१ साली सुएझ कालव्यात अडकलेले 'एव्हर गिव्हन' घ्या. जहाजाची मालकी जपानी कंपनीची. भाड्याने चालवणारी कंपनी तैवानची. झेंडा पनामाचा. रोजचे व्यवस्थापन जर्मन कंपनीकडे. जबाबदारीचा विमा लंडनचा. रुतल्यावर सोडवायला आले डच लोक. रुतले ते इजिप्तच्या मातीत. आणि जहाजावर काम करणारे पंचवीसच्या पंचवीस खलाशी व अधिकारी भारतीय! आता सांगा, धनी कोण?

कायद्याने या अडचणीवर फार पूर्वी एक युक्ती काढली. मालक सापडत नाही ना, मग जहाजालाच प्रतिवादी करा. जमिनीवरच्या दाव्यात आपण माणसावर फिर्याद लावतो. सागरी दाव्यात खुद्द जहाजावर लावता येते. जहाज ज्या बंदरात असेल तिथले न्यायालय त्याच्या अटकेचा हुकूम काढते, आणि तो हुकूम जहाजावर नेऊन डकवतात. पूर्वी डोलकाठीवर ठोकत. मुंबईत उच्च न्यायालयाचा असा हुकूम शेरीफच्या कचेरीमार्फत बजावला जातो. जहाज आरोपीसारखे बंदरात उभे राहते. मालकाने जामीन भरला तर सुटते, नाहीतर त्याचा लिलाव होतो.

या युक्तीचा एक नमुना सांगण्यासारखा आहे. १८ मार्च १९६७ रोजी 'टॉरी कॅनियन' नावाचे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ सेव्हन स्टोन्स नावाच्या खडकांवर चढले. पोटात लाखाहून अधिक टन खनिज तेल. ब्रिटनचा आणि पुढे फ्रान्सचा किनारा काळा झाला; शेवटी ब्रिटिश विमानदलाने बाँब टाकून ते जाळण्याचा प्रयत्न केला. भरपाई मागायची कोणाकडे? झेंडा लायबेरियाचा, मालक कंपनी बर्म्युडात नोंदलेली. मालकांनी अमेरिकेच्या न्यायालयात काय अर्ज केला ऐका. तिथल्या जुन्या कायद्याप्रमाणे मालकाची जबाबदारी अपघातानंतर जहाजाचे जे मोल उरेल तेवढीच. जहाजाची उरली होती एक बचावाची होडी. तिची किंमत पन्नास डॉलर. म्हणजे दोन देशांच्या किनाऱ्यांची भरपाई पन्नास डॉलर! ब्रिटनच्या वकिलांनी मग त्याच कंपनीचे भावंड जहाज सिंगापूरला येण्याची वाट पाहिली आणि हुकूम त्याच्या डोलकाठीला लावला. मागाहून फ्रेंच लोक मोटारबोटीतून धावले, तोवर ते जहाज निघून गेले होते. पुढे १९६९ साली तीस लाख पौंडांवर तडजोड झाली आणि दोन्ही देशांनी ती वाटून घेतली. तेलाच्या नुकसानीबद्दलचा आंतरराष्ट्रीय करारही त्याच वर्षी झाला.

आता 'एव्हर गिव्हन'कडे परत येऊ, कारण रुतलेल्या जहाजाचा कायदा त्यात जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच दिसतो. २३ मार्च २०२१. चारशे मीटर लांबीचे जहाज; आपल्या एस.टी.च्या गाड्या एकीमागे एक लावल्या तर तीस-पस्तीस मावतील एवढे. वर सुमारे १८,३०० कंटेनर. जोराचा वारा, धुळीचे वादळ, आणि हे धूड कालव्यात तिरके होऊन दोन्ही काठांत पाचरीसारखे बसले. सहा दिवस जगाचा एक मोठा व्यापारी रस्ता बंद. मागेपुढे मिळून चारशेच्या आसपास जहाजे खोळंबली. नाकाखालची सुमारे तीस हजार घनमीटर वाळू उपसली, भरतीची वाट पाहिली, बोटींनी ओढले, आणि २९ मार्चला ते सुटले. या सुटकेच्या कामात आपला एक कर्मचारी दगावल्याचे कालवा प्राधिकरणाने दोन महिन्यांनी सांगितले. जहाजाचे नाव जगातल्या शाळकरी पोरांना पाठ झाले; या माणसाचे नाव मी खूप शोधले, मला मिळाले नाही.

जहाज सुटले आणि मग कायदा सुरू झाला. आधी सोडवणुकीचा मोबदला. धोक्यात आलेले जहाज आणि माल जो वाचवील त्याला, वाचलेल्या मालमत्तेच्या मोलाच्या प्रमाणात, बक्षीस मिळते. ठरावाचा जुना छापील नमुना लंडनचा आहे; त्याचे तत्त्व आपल्या वैद्याच्या भाषेत सांगायचे तर गुण आला तर पैसे, नाहीतर काही नाही. दहा दिवस झटलात आणि जहाज बुडाले, तर हात हलवत घरी जा. हे एकपरी न्याय्यच आहे. पण यात एक गोष्ट मला प्रथम वाचली तेव्हा चटका लावून गेली. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातही असे आहे की, वाचवलेल्या माणसांकडून मोबदला मागता येत नाही. ठीक, जीव वाचवणे हे कर्तव्य आहे, त्याची किंमत करू नये. मात्र त्याच प्रसंगी जर मालही वाचला असेल तर त्याच्या बक्षिसातून माणसे वाचवणाऱ्याला वाटा मिळतो. माल बुडाला आणि नुसती माणसेच वाचली, तर वाटा कशातून देणार? वाटायला काहीच नाही. कायदा लिहिणारे दुष्ट होते असे मला म्हणायचे नाही. हा कायदा मालमत्तेच्या हिशेबातून जन्मला आणि माणूस त्यात मागाहून शिरला, एवढेच मला दिसते.

दुसरी गोष्ट सामाईक तोट्याची. हिला व्यापारी लोक जनरल ॲव्हरेज म्हणतात. ही कल्पना फार जुनी; ऱ्होड्स बेटाच्या व्यापाऱ्यांचा नियम म्हणून रोमन कायद्याच्या संग्रहात ती आहे. वादळात जहाज हलके करण्यासाठी एकाचा माल समुद्रात फेकला, तर त्याचे नुकसान ज्यांचा माल वाचला त्या सर्वांनी वाटून घ्यायचे. एकाने सर्वांसाठी सोसले, म्हणून सर्वांनी एकासाठी भरायचे. आम्ही संघटनावाले हेच तर सांगत असतो, आणि व्यापाऱ्यांनी ते दोन हजार वर्षांपूर्वी आपसांत मान्य करून टाकले होते! रुतण्याच्या बाबतीत यात बारीक भेद आहे. बुडण्यापेक्षा बरे म्हणून कप्तानाने जाणूनबुजून जहाज वाळूवर चढवले, तर त्यातले नुकसान सामाईक. आपोआप रुतले, तर तळाला पडलेली भोके मालकाची; पण जहाज हलके करून सोडवण्याचा खर्च सर्वांचा. यॉर्कला १८६४ साली आणि अँटवर्पला १८७७ साली जमलेल्या मंडळींनी हे नियम घासूनपुसून ठेवले आणि अजून ते वेळोवेळी दुरुस्त होत असतात. 'एव्हर गिव्हन'च्या जपानी मालकांनी १ एप्रिल २०२१ रोजी सामाईक तोटा जाहीर केला. म्हणजे कोणाचा कंटेनर सायकलींचा असो की चपलांचा, वाट्याची हमी दिल्याखेरीज माल हातात पडायचा नाही. ज्या लहान व्यापाऱ्याने विमा उतरवला नव्हता त्याचे काय झाले असेल याची कल्पना आपल्या पेठेतल्या मंडळींनी करावी.

तिसरा दावा कालवा प्राधिकरणाचा. त्यांनी आधी ९१ कोटी ६० लाख डॉलर मागितले. त्यात सोडवणुकीचे बक्षीस होते आणि कालव्याच्या अब्रूला बसलेल्या धक्क्याबद्दलही तीस कोटी डॉलर होते. पुढे मागणी ५५ कोटींवर आली. इस्माइलियाच्या न्यायालयाने जहाज अडकवून ठेवले. शेवटी गुप्त रकमेवर समेट झाला आणि ७ जुलैला जहाज निघाले. वाळूत सहा दिवस, आणि कायद्यात तीन महिन्यांहून अधिक!

या काळात ती पंचवीस भारतीय माणसे कुठे होती? जहाजावरच. काहींना मधल्या काळात घरी जाऊ दिले, पण जहाज म्हटले की ते चालते ठेवणारी माणसे हवीत, त्यांना कोण सोडणार? त्यांची उपासमार झाली नाही. कंपनी मोठी होती, आपला दूतावास आणि आपल्या खलाशांची संघटना लक्ष ठेवून होती, आणि साऱ्या जगाचे डोळे त्या जहाजाकडे लागलेले होते. त्यांच्याविषयी गळा काढायला मी उभा नाही. मी त्यांचे उदाहरण घेतले ते अशासाठी की, तेव्हा तिथून थोड्याच अंतरावर, सुएझच्याच आखातात, दुसरे एक जहाज रुतलेले होते आणि त्याकडे जगाचे फारसे लक्ष नव्हते.

त्या जहाजाचे नाव 'अमान'. बहरीनचा झेंडा. जुलै २०१७ मध्ये अदबिया बंदरात ते अडकवले गेले, कारण सुरक्षेच्या साधनांची आणि दर्जाची प्रमाणपत्रे मुदतबाह्य झाली होती. किरकोळ बाब. पैसे भरले असते तर पंधरवड्यात निघाले असते. पण इंधनाचे पैसे कोणी दिले नाहीत, मालक अडचणीत आले, आणि प्रकरण न्यायालयात गेले. जहाज अटकेत ठेवायचे तर त्याचा राखणदार म्हणून कोणाचे तरी नाव घालावे लागते. कप्तान त्या वेळी किनाऱ्यावर गेला होता. म्हणून न्यायालयाने जहाजावर असलेल्या मुख्य अधिकाऱ्याचे नाव राखणदार म्हणून घातले. हा सीरियाचा एक तरुण, जहाजावर येऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. कागद जहाजावर आला, त्याने सही केली. त्या सहीचा अर्थ पुढे त्याला कळला. जहाज विकले जाईपर्यंत किंवा दुसरा राखणदार येईपर्यंत याने जहाज सोडायचे नाही. पारपत्र अधिकाऱ्यांकडे.

बाकीचे खलाशी हळूहळू घरी गेले. २०१८ साली याची आई वारली. अंत्यविधीला जाता आले नाही. २०१९ च्या अखेरीस तो त्या जहाजावर एकटा उरला. डिझेल संपलेले, म्हणून रात्री दिवा नाही. आसपासची जहाजे येतात, जातात, कालव्यात शिरतात. त्याचा सख्खा भाऊही दर्यावर्दी होता. त्याचे जहाज जवळून जाई तेव्हा दोघे भाऊ फोनवर बोलत, पण हात हलवण्याइतकेही जवळ येता येत नसे.

मार्च २०२० मध्ये वादळ झाले. नांगर सुटला. 'अमान' काही मैल वाहत गेले आणि किनाऱ्यापासून काहीशे मीटरवर रुतले. आता पाहा, जहाज रुतणे म्हणजे दर्यावर्दी माणसाचे सर्वांत मोठे भय. या माणसाला मात्र ती देवाची कृपा वाटली, कारण आता किनारा पोहून जाण्याच्या अंतरावर आला! दर काही दिवसांनी तो पोहत जाई, खायला आणी, फोनची बॅटरी भरून आणी, आणि पुन्हा पोहत त्या अंधाऱ्या जहाजावर जाऊन झोपे. किनाऱ्यावर राहू शकत नव्हता. राखणदार होता ना! मालकांचे म्हणणे, न्यायालयाचा हुकूम आम्ही कसा बदलणार, आणि त्याच्या जागी यायला कोणी मिळत नाही.

कोणी मिळत नाही, हे वाक्य मला फार परिचयाचे आहे. रजा मागणाऱ्या पाळीवाल्याला, सुट्टी मागणाऱ्या परिचारिकेला, सर्वांना हेच उत्तर मिळते. पण या वेळी कोणी तरी मिळाले. वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ज्याला आयटीएफ म्हणतात, हे प्रकरण हाती घेतले आणि इजिप्तमधल्या आपल्या एका प्रतिनिधीचे नाव राखणदार म्हणून पुढे केले. त्या माणसाने तिथे राहायची गरज नव्हती. कागदावर नाव हवे होते, ते त्याने दिले. एप्रिल २०२१ मध्ये, जवळजवळ चार वर्षांनी, तो सीरियन तरुण विमानात बसला. 'एव्हर गिव्हन' तेव्हा कालव्याच्या मधल्या सरोवरात अटकेत उभे होते आणि त्याच्या अब्रूच्या दाव्याचे आकडे रोज छापून येत होते.

आता या दोन जहाजांच्या मागे जो जुना इतिहास आहे तो थोडक्यात सांगतो. इंग्रजी सागरी कायद्यात एक म्हण होती: भाडे ही पगाराची आई. माल ठिकाणी पोचला, भाडे मिळाले, तर खलाशाला पगार. जहाज बुडाले की भाडे नाही, म्हणून पगारही नाही. सहा महिने राबलेल्या माणसाला जीव वाचवून किनाऱ्याला लागल्यावर एक शिलिंग मिळत नसे. समर्थन असे की, पगाराच्या आशेने तरी खलाशी जहाज वाचवायला झटेल! १८५४ च्या कायद्याने ही आई मेली. पण पुढची सत्तर वर्षे पगार मोजायचा तो जहाज फुटल्याच्या दिवसापर्यंतच. १५ एप्रिल १९१२ रोजी 'टायटॅनिक' बुडाले, आणि त्यावरच्या नोकरांचा पगार त्या दिवशी थांबला. जे बर्फाळ पाण्यातून वाचले त्यांचाही. १९२० साली जिनोआला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिने ठरवले की, जहाज बुडाल्यामुळे बेकार झालेल्या खलाशाला दोन महिन्यांपर्यंतचा पगार मिळालाच पाहिजे. खलाशांना हे अर्जविनंत्यांनी मिळालेले नाही, हे संघटनेचा माणूस म्हणून सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

२००६ साली सागरी कामगारांचा मोठा करार झाला. भारताने तो २०१५ साली स्वीकारला. २०१७ पासून त्यात एक महत्त्वाचे कलम आले आहे. मालकाने जहाज वाऱ्यावर सोडले, तर खलाशांना घरी पोचवणे, अन्नपाणी आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, याची विमा किंवा तत्सम हमी आधीच घेतलेली असली पाहिजे, आणि त्याचे प्रमाणपत्र जहाजावर दिसेल असे लावले पाहिजे. आपल्या संसदेने २०१७ साली सागरी दाव्यांचा नवा कायदा केला. इंग्रजांनी १८४० पासून रचलेले कायदे तोवर आपण वापरत होतो! त्या कायद्यात जहाजावरच्या बोजांचा क्रम दिला आहे, आणि त्यात पहिला क्रमांक खलाशांच्या पगाराचा आहे. दुखापत आणि मृत्यूचा दुसरा. सोडवणाऱ्यांचे बक्षीस तिसरे. हा क्रम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला.

मग अडचण कुठे आहे? अडचण ही की, पहिला क्रमांक कशात, तर जहाजाच्या लिलावाच्या पैशात. जहाज हेच खलाशाचे तारण. ते सोडून तो घरी गेला तर कायद्याने त्याचा हक्क जात नाही. पण दूर देशातला दावा गावात बसून कोण चालवणार? म्हणून तो जहाजावर बसून राहतो. संयुक्त अरब अमिरातीत 'इबा' नावाच्या तेलवाहू जहाजावर पाच माणसे २०१७ पासून अशीच बसून होती. त्यांत आपलेही होते, पाकिस्तानचे आणि ब्रह्मदेशचेही होते. जानेवारी २०२१ मध्ये नांगर तुटून ते जहाज उम्म अल कुवैनच्या किनाऱ्याला लागले. समोर लोक फिरायला येतात, पोरे वाळूत खेळतात, आणि ही माणसे जहाज सोडायला तयार नाहीत, कारण उतरलो तर पगार गेला ही धास्ती. शेवटी तडजोड झाली. २०२४ साली जगात अशी तीनशेहून अधिक जहाजे टाकून दिलेली होती, त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे होती, आणि सर्वांत जास्त होती ती भारतीय.

इथे कोणी विचारील, खलाशी काय सगळे साधुसंत? नव्हेत. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे जपानी मालकीचे जहाज मॉरिशसच्या प्रवाळांवर चढले. सुमारे हजार टन तेल सांडले. कोळ्यांचा धंदा बुडाला. कप्तान आपल्या देशातला होता. मोबाइलचा सिग्नल मिळावा म्हणून जहाज किनाऱ्याजवळून नेले गेले, आणि त्या संध्याकाळी जहाजावर वाढदिवसाचा कार्यक्रम चालू होता. त्याने गुन्हा कबूल केला, वीस महिन्यांची शिक्षा झाली. ती चूक होती आणि तिचे समर्थन मी करणार नाही. ज्या कोळ्यांचे पोट त्या पाण्यावर होते त्यांना मी काय तोंड दाखवू? मात्र कामगार चळवळीतला माणूस म्हणून मी पुढचा प्रश्न विचारतो. महासाथीमुळे त्या साली बदलीची माणसे मिळत नव्हती, जगभर खलाशी करार संपूनही महिनोन्‌महिने जहाजांवर अडकले होते. त्यांना घरच्यांशी बोलायला किनाऱ्याच्या सिग्नलची भीक का मागावी लागावी? कराराच्या नव्या दुरुस्तीने खलाशांना संपर्काची सोय देण्याचे बंधन आले ते डिसेंबर २०२४ पासून.

आता मी या गावात हे का बोलतो आहे तेवढे सांगून थांबतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एक गृहस्थ आले. ऊस लावणारे, डोक्याला टोपी, पायांत धुळीच्या वहाणा. मुलगा बोटीवर गेला होता. एजंटाने साडेचार लाख घेतले, त्यासाठी गुंठे विकले. पहिले दोन महिने पैसे आले, मग बंद. आता पोरगा सांगतो की, बोट एका खाडीत उभी आहे आणि पाणी मोजून मिळते. मी म्हटले, "बोटीचे नाव काय?" ते म्हणाले, "भाऊ, जाताना एक सांगितलं होतं. आता तो दुसरंच सांगतो. बोटीचं नाव बदलतं का हो?"

बदलते. झेंडाही बदलतो, मालकही बदलतो. एक गोष्ट बदलत नाही. प्रत्येक मोठ्या जहाजाला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नावाने एक सात आकडी क्रमांक असतो. बांधल्यापासून मोडेपर्यंत तोच. तो जहाजाच्या अंगावर ठळक लिहिलेला असतो. तो क्रमांक सांगा, म्हणजे दोन-तीन दिवसांत जहाज कोणाचे, विमा आहे की नाही, पूर्वी कुठे अडकले होते, हे आम्ही काढू शकतो. त्या गृहस्थांच्या मुलाने फोनवरून जहाजाचे छायाचित्र पाठवले, त्यात तो आकडा होता, आणि तिथून आम्ही सुरुवात केली. पोर सात महिन्यांनी घरी आले. पगारापैकी चार महिन्यांचा मिळाला. एजंटाकडचे पैसे अजून यायचे आहेत.

तेव्हा या मंडपातल्या ज्यांचा मुलगा, पुतण्या, भाचा बोटीवर जायला निघाला असेल त्यांनी सह्या करण्यापूर्वी एवढे पाहावे. भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का. परवानाधारकांची यादी सर्वांना पाहायला खुली आहे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणेच बेकायदा आहे, त्यामुळे जो लाख मागतो त्याचा परवाना बघायचीही गरज नाही. कराराची प्रत घरी ठेवून घ्या. त्यावर जहाजाचा सात आकडी क्रमांक नसेल तर तो लिहून द्यायला सांगा. आणि पोराला सांगा, जहाजावर पाय ठेवल्यावर पहिल्या दिवशी ते विम्याचे प्रमाणपत्र कुठे लावले आहे ते शोध आणि त्याचा फोटो घरी पाठव. समजत नसलेल्या कागदावर, राखणदार म्हणून तर नाहीच नाही, सही करू नकोस.

चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत. ज्यांना क्रमांक तपासून हवा असेल त्यांनी सभा संपल्यावर चिठ्ठीवर लिहून द्यावा. मी उद्या सकाळच्या गाडीपर्यंत गावातच आहे.